क्यूसीची नोकरी सोडून पर्यावरण रसायनशास्त्राची वाट धरावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: ॲनालिटिकल केमिस्ट्रीत एम.एस्सी. झालंय, सेट (सहायक प्राध्यापक पदासाठीची राज्याची पात्रता परीक्षा) पास आहात, औषध कंपनीच्या क्यूसीत, म्हणजे गुणवत्ता नियंत्रण विभागात, एचपीएलसी या पृथक्करण यंत्रावर काम करता. गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, तिथल्या हातपंपाच्या पाण्यात फ्लोराइड आहे आणि लहान मुलांच्या दातांवर डाग दिसतात. आता पर्यावरण रसायनशास्त्रात पीएच.डी. करून विद्यापीठात प्राध्यापक व्हायचं मनात आहे. घरचे म्हणतात, हातची नोकरी सोडू नकोस. तुम्ही विचारलंत की या विषयात स्कोप आहे का, आणि अशा प्राध्यापकाचं आयुष्य नेमकं कसं असतं.

मी महाराष्ट्रातल्या एका विद्यापीठात हाच विषय शिकवते आणि माझी निवृत्ती आता फार लांब नाही. तुमच्या प्रश्नात मला दोन प्रश्न एकात एक मिसळलेले दिसतात. एक, पुढची सहा-आठ वर्षं पैशाचं कसं करायचं. दोन, गावच्या पाण्याची जी कळकळ तुम्हाला इकडे ओढते आहे, ती या कामात टिकेल का. पहिल्याचं उत्तर तुमच्या घरच्या परिस्थितीवर आहे, दुसऱ्याचं तुमच्या स्वभावावर. मी दुसऱ्यापासून सुरुवात करते, कारण तो सुटला तरच पहिल्याचा हिशेब मांडण्यात अर्थ आहे.

या विषयात आलेली बहुतेक मुलं नदी, हवा, जंगल यांच्या प्रेमापोटी येतात. ते प्रेम हवंच. पण दिवसाचे बरेचसे तास जातात ते एका आकड्याची खात्री करण्यात. तुमच्याच गावचं उदाहरण घ्या. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, फ्लोराइडची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. म्हणजे १.४ आणि १.६ यांत एक हातपंप चालू राहणं आणि त्याला लाल रंग फासला जाणं एवढा फरक आहे. तो हातपंप बंद झाला तर एखादी बाई उन्हाळ्यात दोन किलोमीटर लांबून पाणी आणणार. चालू राहिला आणि आकडा चुकीचा असला तर तिच्या मुलाची हाडं त्याची किंमत मोजणार. त्या आकड्याखाली सही तुमची असते. विद्यापीठातल्या पर्यावरण रसायनशास्त्रज्ञाचं काम मला विचाराल तर हेच आहे. बाकीचं सगळं, पेपर, परिषदा, पदं, या सहीच्या भोवतीने येतं.

आता तो आकडा मिळतो कसा ते बघा, म्हणजे स्वभावाचा अंदाज येईल. नमुना काचेच्या नाही, प्लॅस्टिकच्या बाटलीत घ्यायचा, कारण फ्लोराइड काचेशी खेळतं. हातपंप आधी काही मिनिटं हापसून पाइपातलं साचलेलं पाणी जाऊ द्यायचं. लॅबमध्ये आयन सिलेक्टिव्ह इलेक्ट्रोड (ठरावीक आयन, इथे फ्लोराइड, मोजणारा) वापरणार असाल तर नमुन्यात आणि स्टँडर्डमध्ये, म्हणजे फ्लोराइडचं प्रमाण माहीत असलेल्या द्रावणात, सारख्याच प्रमाणात टिसॅब बफर घालायचा. तो पीएच पाच-साडेपाचच्या आसपास धरून ठेवतो आणि ॲल्युमिनियम-लोहाने पकडून ठेवलेलं फ्लोराइड मोकळं करतो. मग स्टँडर्ड लावायची. सांद्रता दहापट वाढली की रीडिंग साधारण ५९ मिलिव्होल्टने सरकलं पाहिजे. तसा उतार मिळाला नाही तर त्या दिवशीचा एकही नमुना लावायचा नाही, इलेक्ट्रोड बघायचा. स्पॅड्न्स या रंगद्रव्याचा रंग बघून मोजायच्या पद्धतीने केलंत तर क्षारता, ॲल्युमिनियम आणि उरलेलं क्लोरीन तुम्हाला फसवणार. शिवाय ब्लँक (नमुन्याशिवायची कोरी चाचणी), डुप्लिकेट (तोच नमुना दुसऱ्यांदा) आणि माहीत असलेलं फ्लोराइड घालून काढलेली रिकव्हरी. हे सगळं एका हातपंपासाठी. हे वाचताना कंटाळा आला असेल तर प्रामाणिकपणे थांबा. आणि 'आम्ही हे रोज करतो की' असं मनात आलं असेल, तर क्यूसीने तुम्हाला जे दिलंय ते अनेक पीएच.डी. विद्यार्थ्यांकडे नसतं. लॉगबुकात खाडाखोड न करणं, कॅलिब्रेशन झाल्याशिवाय रन न लावणं, नको असलेलं रीडिंग 'आउटलायर' म्हणून गुपचूप न वगळणं, या सवयी विद्यापीठात शिकवायला मला दोन-दोन वर्षं लागतात. औषध कंपनीतले तुमचे दिवस वाया गेले असं अजिबात समजू नका.

ब्लँकची गोष्ट निघालीच आहे तर क्लेअर पॅटरसन यांचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. कॅलटेकमधल्या या शास्त्रज्ञाला उल्केतल्या शिशाच्या समस्थानिकांवरून पृथ्वीचं वय काढायचं होतं. पण प्रयोगशाळेतल्या हवेतून, भांड्यांतून, रसायनांतून इतकं शिसं नमुन्यात मिसळत होतं की मूळ आकडा दिसेचना. त्यांनी सगळी लॅब काटेकोरपणे स्वच्छ केली, रसायनं पुन्हा शुद्ध केली आणि १९५६ साली पृथ्वीचं वय सुमारे ४५५ कोटी वर्षं असल्याचं प्रसिद्ध केलं. पण एवढं शिसं आलं कुठून, हा प्रश्न त्यांनी सोडला नाही. समुद्राचं पाणी, ध्रुवीय बर्फ यांतलं शिसं मोजता मोजता ते पेट्रोलमधल्या शिशापर्यंत पोहोचले आणि त्या उद्योगाचा रोष पत्करून बोलत राहिले. आपल्याकडे २००० साली देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं. मी दर वर्षी पहिल्या तासाला हे सांगते, कारण दूषित ब्लँक हाच त्यांच्यासाठी शोध ठरला.

आपल्या देशातलं उदाहरण म्हणजे जादवपूर विद्यापीठाचे दीपंकर चक्रवर्ती. तेही तुमच्यासारखेच ॲनालिटिकल केमिस्ट. पश्चिम बंगालमध्ये त्वचारोगतज्ज्ञांना १९८३ पासून आर्सेनिकच्या विषबाधेचे रुग्ण दिसू लागले होते. चक्रवर्ती १९८८ मध्ये त्या गावांत गेले आणि मग आयुष्यभर कूपनलिकांचं पाणी, केस, नखं, लघवी तपासत राहिले, आधी बंगालमध्ये, नंतर बांगलादेशात, बिहारमध्ये. २०१८ साली ते गेले. त्यांच्या कामातून शिकण्यासारखी गोष्ट अशी की त्यांनी एक-दोन गावांचे धक्कादायक आकडे घेऊन आरडाओरडा करण्यावर भागवलं नाही. नमुन्यांची संख्या इतकी वाढवत नेली की नाकारणं अवघड झालं. प्राध्यापकाकडे अधिकाऱ्यासारखी सत्ता नसते. त्याच्याकडे पदाची शाश्वती असते आणि दर वर्षी नवे विद्यार्थी येतात. वीस वर्षं एकाच प्रश्नाला धरून राहता येणं ही या नोकरीची खरी श्रीमंती आहे, आणि ती दुसरीकडे क्वचित मिळते.

आता पैशाचं आणि जागांचं. इथे मी गोड बोलणार नाही.

तुमच्याकडे सेट आहे, म्हणजे महाराष्ट्र आणि गोव्यात सहायक प्राध्यापक पदासाठी किमान पात्रता आहे. २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूजीसीच्या नियमाप्रमाणे नेट किंवा सेट पुरतं, पीएच.डी. सक्तीची नाही. पण विद्यापीठाच्या विभागात निवड होताना पीएच.डी. आणि प्रकाशनं नसलेला उमेदवार मागे पडतो, हे तुम्हालाही माहीत असेल. सेटवर फेलोशिप मिळत नाही. जेआरएफ (नेटमधून मिळणारी संशोधनाची फेलोशिप) मिळाली तर १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये, शिवाय नियमाप्रमाणे घरभाडं. म्हणून माझा पहिला आग्रह हा की नोकरीत असतानाच सीएसआयआर नेटचा केमिकल सायन्सेसचा पेपर नेटाने द्या. वयाची अट आहे, ती आत्ताच तपासा. नियमात बसत असाल तर बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिप आहेत, पण त्यांच्या जाहिराती आणि हप्ते यांच्या भरवशावर घरचा किराणा ठेवू नका. तिसरा मार्ग म्हणजे एखाद्या गाईडच्या चालू प्रकल्पात नेमणूक. तिथे प्रकल्पाला किती महिने उरलेत हे पहिल्या भेटीतच विचारा.

पीएच.डी.ला कमीत कमी तीन वर्षं, कमाल सहा, महिलांना आणखी दोन वर्षांची सवलत, हा २०२२ चा नियम. आमच्या विषयात तीन वर्षांत होणं अवघड आहे आणि त्याचं कारण पाऊस. भूजलाचे नमुने मान्सूनच्या आधी, मेमध्ये, आणि नंतर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात घ्यावे लागतात. प्रवेशाची प्रक्रिया, आरआरसी (विषयाला मान्यता देणारी समिती), कोर्सवर्क यांत एक मे हुकला की पुढचा मे येईपर्यंत थांबायचं. त्यामुळे प्रवेश कधी मिळतो याचा हिशेब कॅलेंडर समोर ठेवून करा.

पीएच.डी. झाल्यावर लगेच कायम जागा मिळेल असं धरून चालू नका. भरती थांबते, सुरू होते, पुन्हा थांबते. मधली वर्षं अनेकजण तासिका तत्त्वावर काढतात, आणि त्या मानधनावर शहरात एकट्याचंही भागत नाही. माझ्या हुशार विद्यार्थ्यांनी ती वर्षं काढलेली मी पाहिली आहेत, आणि त्याचा मला राग येतो. कायम जागा मिळाली तर सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन सातव्या आयोगाप्रमाणे ५७,७०० पासून सुरू होतं. पीएच.डी. असेल तर चार, पाच आणि तीन अशा टप्प्यांनी सहयोगी प्राध्यापक आणि आणखी तीन वर्षांनी प्राध्यापक होता येतं, अर्थात कॅसची, म्हणजे पदोन्नती योजनेची, फाइल वेळेवर हलली तर. पगार उत्तम आहे. प्रश्न तिथपर्यंत तग धरण्याचा आहे. घरी कर्ज असेल, कमावणाऱ्या तुम्ही एकट्याच असाल, तर फेलोशिपशिवाय राजीनामा देऊ नका, एवढं मी स्पष्ट सांगेन. घरचा आधार असेल तर धाडस करायला हरकत नाही.

दुसरा व्यावहारिक मुद्दा: पीएच.डी. रसायनशास्त्र विभागातून की पर्यावरणशास्त्र विभागातून? तुमचं एम.एस्सी. आणि सेट दोन्ही रसायनशास्त्रात आहे. रसायनशास्त्राच्या जागा जवळपास प्रत्येक विज्ञान महाविद्यालयात असतात, पर्यावरणशास्त्राचे स्वतंत्र विभाग मोजके. पर्यावरणशास्त्राच्या जाहिरातीत 'संलग्न विषय' म्हणून रसायनशास्त्र धरायचं की नाही, हे छाननी समितीनुसार बदलतं. म्हणून तुमच्या जागी मी नोंदणी रसायनशास्त्रात ठेवेन आणि विषय पर्यावरणाचा घेईन. दुसऱ्या विभागातले सहमार्गदर्शक घेता येतात. शिक्षकी पेशात जागा नाहीच मिळाली तरी अशा पीएच.डी.ला नागपूरची नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था, प्रदूषण नियंत्रण मंडळांच्या प्रयोगशाळा, एनएबीएल मान्यता असलेल्या खाजगी लॅब आणि कंपन्यांचे सांडपाणी प्रक्रिया विभाग ही दारं उघडी असतात.

आता ज्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते, प्रबंधाचा विषय. आपल्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांत 'अमुक तलावाच्या पाण्याच्या भौतिक-रासायनिक घटकांचा अभ्यास' या धाटणीचे प्रबंध रांगेने उभे आहेत. पीएच, टीडीएस, कठीणपणा, बीओडी, सीओडी, दोन वर्षं, दर महिन्याला, चार ठिकाणी, मग आलेख. हे मॉनिटरिंग आहे. ते उपयोगी आहे, पण ते मंडळाचं आणि जिल्हा प्रयोगशाळेचं काम आहे. संशोधनाला 'का' हवा. तुमच्या भागात एका बोअरला फ्लोराइड ३ आणि हाकेच्या अंतरावरच्या उघड्या विहिरीला अर्धा मिलिग्रॅम का? फ्लोराइट, ॲपेटाइटसारख्या खनिजांतून ते विरघळतं. पाणी खडकात जितकं जास्त काळ मुरतं तितकं जास्त. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर फ्लोराइड त्याच्याबरोबर साक्याच्या रूपात बाहेर पडतं. बायकार्बोनेट आणि सोडियम वाढून कॅल्शियम घटलं की ते पाण्यातच राहतं. मग प्रश्न असा होतो की या गावात कॅल्शियम कुठे जातंय? मातीच्या खनिजांवर सोडियमशी अदलाबदल होतेय का? पावसाळ्यानंतर आकडा खाली येतो की वर जातो, आणि वर जात असेल तर का? हा झाला पीएच.डी.चा विषय, आणि त्यातून बोअर किती खोल घ्यायचा यावर काही सांगता येतं.

'मग लोकांना परत उघड्या विहिरीकडे पाठवा' एवढं सोपंही नाही. उथळ विहिरीत खतांमुळे आणि शौचखड्ड्यांमुळे नायट्रेट ४५ मिलिग्रॅमच्या मर्यादेपलीकडे गेलेलं असू शकतं, जंतू तर असतातच. फ्लोराइड काढण्याच्या पद्धती आहेत. नीरीने विकसित केलेलं नलगोंडा तंत्र बघा: तुरटी, चुना, ब्लीचिंग पावडर, ढवळा, निवळू द्या, गाळा. रसायन सोपं, पण तुरटीचा डोस पाण्याच्या क्षारतेप्रमाणे रोज ठरवावा लागतो, उरलेलं ॲल्युमिनियम तपासावं लागतं आणि खाली बसलेला गाळ कुठे टाकायचा हा प्रश्न उरतोच. ॲक्टिव्हेटेड ॲल्युमिना भरलेली टाकी काही महिन्यांनी कॉस्टिक आणि आम्लाने पुन्हा सज्ज करावी लागते. ते करणारा माणूस गावात नेमलेला नसेल तर टाकी संतृप्त होते, पाणी येत राहतं आणि लोक ते शुद्ध समजून पितात. म्हणून मी माझ्या विद्यार्थ्यांच्या प्रबंधात 'हे कोण चालवणार' हा विभाग लिहायला लावते. परीक्षक कधीकधी विचारतात की याचा रसायनशास्त्राशी काय संबंध. मी तो विभाग काढू देत नाही.

रोजचं आयुष्य विचारलंत. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला सोळा तास अध्यापन, वरच्या पदांना चौदा. त्यावर प्रॅक्टिकलच्या तयाऱ्या, पेपर तपासणी, नॅक मूल्यांकनाच्या फाइली, खरेदी समितीच्या बैठका. आर्गॉनचे सिलिंडर संपतात, आयसीपी या धातू मोजणाऱ्या यंत्राचा देखभाल करार संपलेला असतो, ऐन रनमध्ये वीज जाते. उपकरण आहे पण चालवायला पैसे नाहीत अशा लॅब मी बऱ्याच पाहिल्या आहेत. गाईड निवडताना उपकरणांची यादी बघू नका. मागच्या तीन महिन्यांची लॉगबुकं बघायला मागा आणि सीनियर मुलांना एकटं गाठून विचारा की शेवटचं रीडिंग कधी घेतलं. सीओडीच्या चाचणीचा कचरा कुठे टाकतात हेही बघा. त्यात पारा, क्रोमियम आणि चांदी असते. जी पर्यावरणाची लॅब तो बेसिनमध्ये ओतते, तिथे पाच वर्षं काढू नका.

लोकही येतात. शेतकरी मिनरल वॉटरच्या रिकाम्या बाटलीत विहिरीचं काळसर पाणी घेऊन येतात, म्हणतात, मॅडम, कारखान्याचं पाणी झिरपतंय, लिहून द्या. तशा नमुन्यावर मी अहवाल देत नाही. पण त्यांना तसंच परतही पाठवत नाही. १९७४ च्या जल कायद्यात कारवाईसाठीचा नमुना कसा घ्यायचा ते ठरलेलं आहे: मंडळाचा अधिकारी, कारखान्याला नोटीस, नमुन्याचे दोन भाग, सील. प्राध्यापकाचा अहवाल त्याची जागा घेऊ शकत नाही. मात्र नीट घेतलेल्या नमुन्यांवरचा अहवाल असेल तर मंडळाला तपासणीची मागणी ठोसपणे करता येते. तो अर्ज कसा लिहायचा हे मी बसून सांगते. कारखान्यांचंही काम येतं, आणि ते पाप नाही, चांगली प्रक्रिया यंत्रणा उभी करायला रसायनशास्त्रज्ञच लागतो. माझे नियम दोन: पैसे विद्यापीठाच्या खात्यातूनच, आणि ज्या नदीवर माझा विद्यार्थी प्रबंध करतोय तिच्या काठच्या कारखान्याचं सल्लागाराचं काम घ्यायचं नाही. त्याने काही कामं जातात, पण आकड्यावर कुणाला बोट ठेवता येत नाही.

शेवटी, पीएच.डी. होईपर्यंत गावच्या पाण्यासाठी थांबू नका. जल जीवन मिशनमध्ये गावागावात महिलांना फील्ड टेस्ट किट वापरायचं प्रशिक्षण दिलं जातं, तुमच्या गावात किट कुणाकडे आहे ते शोधा आणि सुट्टीत त्यांच्याबरोबर प्रत्येक हातपंप तपासा. किटचा रंग अंदाज देतो. जिथे १ च्या वर शंका येईल तिथला नमुना स्वच्छ प्लॅस्टिकच्या बाटलीत, ठिकाण-तारीख-वेळ लिहून, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा किंवा उपविभागीय प्रयोगशाळेत ग्रामपंचायतीच्या पत्रासह द्या. फ्लोराइडबरोबर कॅल्शियम, सोडियम, क्षारता आणि नायट्रेटही मागा, आणि बोअरची खोली विचारून लिहून ठेवा. मे आणि नोव्हेंबर, असे दोन्ही वेळा करा. त्या कागदांची एक प्रत ग्रामपंचायतीत पोच घेऊन द्या आणि एक प्रत गाईडला भेटायला जाताना बरोबर ठेवा.